तात्पुरता मुक्काम, कायमचे श्रम

(व्याख्यानाचा मजकूर)



चीनच्या दक्षिण टोकाला, हाँगकाँगच्या सीमेला लागून, शेनझेन नावाचे शहर आहे. दोहोंच्या मधून वाहणाऱ्या लहानशा नदीचे नावही शेनझेनच. १९७९ च्या मार्च महिन्यात बाओआन या शेतीप्रधान जिल्ह्याचे रूपांतर शहरात करण्यात आले, तेव्हा त्या साऱ्या मुलुखाची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती १ कोटी ७५ लाखांहून अधिक भरली. चाळीस वर्षांत एवढी माणसे गोळा करणारे शहर जगात क्वचितच दुसरे सापडेल; आणि गोळा केलेल्या माणसांपैकी बहुसंख्यांना ‘तुम्ही येथले नव्हे’ असे लेखी बजावणारे शहर तर आणखीच विरळा. या पावणेदोन कोटींपैकी शेनझेनची कायम रहिवासी म्हणून नोंद असलेले लोक सुमारे एक तृतीयांशच आहेत. बाकीचे सरकारदरबारी दुसरीकडचे. त्यांतले कित्येक तेथे वीस-वीस वर्षे राबले आहेत, तेथेच त्यांची लग्ने झाली, तेथेच त्यांना मुले झाली. तरीही ते पाहुणेच.

हे पाहुणे ज्या खोलीत राहतात, तिच्याकडे ते कोणत्या नजरेने पाहतात? वरवर पाहता हा प्रश्न गृहनिर्माणखात्याच्या एखाद्या पाहणीत शोभणारा वाटेल. दरडोई किती चौरस मीटर जागा, नळ आहे की नाही, संडास किती जणांत एक, असे तक्ते भरून तो निकालात काढण्याची पद्धतही रूढ आहे. परंतु घराविषयीचे माणसाचे मत हे केवळ भिंतींविषयीचे मत नसते. या शहरात आपल्याला किती काळ राहू दिले जाईल, याविषयीचा त्याने मनाशी बांधलेला अंदाज त्यात असतो. म्हणून हा प्रश्न मुळात राजकीय आहे, आणि त्याचा विचार त्याच अंगाने झाला पाहिजे.

शेनझेनविषयी एक कथा फार लोकप्रिय आहे. कोळ्यांचे एक झोपाळू खेडे होते, तेथे नेत्याने बोट ठेवले आणि महानगर उभे राहिले, अशी ती कथा. ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. त्या भागात शेकडो गावे होती, भातशेती होती, जुनी बाजारपेठ होती, आणि कौलून ते कँटन ही रेल्वे १९११ पासून तेथून जात होती. नदी ओलांडून हाँगकाँगला पळून जाणाऱ्यांचे लोंढेही कित्येक वर्षे वाहत होते. हा तपशील येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, कथेतून पुसून टाकलेल्या त्याच गावांनी पुढे या शहराच्या निम्म्याअधिक श्रमिकांना आसरा दिला. सरकारने कारखाने आणले, रस्ते आणले, परकीय भांडवल आणले; मजुराच्या डोक्यावर छप्पर आणायचे मात्र राहून गेले, आणि ती उणीव या गावांनी आपल्या पद्धतीने भरून काढली. त्याकडे पुढे वळू.

१९८० च्या ऑगस्टमध्ये या शहराच्या दक्षिणेकडील ३२७.५ चौरस किलोमीटरचा पट्टा ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. हाँगकाँगशी असलेली सीमा होतीच. आता या पट्ट्याच्या उत्तरेस, म्हणजे स्वदेशाच्या बाजूस, सुमारे ८५ किलोमीटर लांबीचे तारेचे कुंपण घालण्यात आले. लोक त्याला ‘दुसरी रेषा’ म्हणत. हुनान किंवा सिच्वानमधून निघालेल्या शेतकऱ्याच्या मुलीला आपल्याच देशातील या भूभागात पाऊल टाकण्यासाठी परवाना दाखवावा लागे. भांडवल नदी ओलांडून निर्वेधपणे आत येत होते, आणि श्रमिकांची मात्र नाक्यावर झडती होत होती. क्षेत्राची हद्द २०१० मध्ये साऱ्या शहराला लागू झाली, आणि दुसरी रेषा विधिवत रद्द होण्यास २०१८ उजाडले.

कुंपणापेक्षाही अधिक टणक गोष्ट कागदाची होती. १९५८ च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने चीनमधील प्रत्येक माणूस हुकोऊ नावाच्या कुटुंब-नोंदणीने एका ठिकाणाशी बांधला गेला. मुलाची शाळा, म्हातारपणची तरतूद, औषधोपचार, सरकारी भाड्याची जागा हे सारे त्या नोंदीवर अवलंबून. १९८० नंतर शेतकऱ्याला गाव सोडून मजुरीला जाण्याची मुभा मिळाली, पण नोंद गावातच राहिली. शहरात राहायचे तर ‘तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना’ काढायचा आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करायचे. शहराला हात हवे होते. त्या हातांमागचा माणूस, त्याची म्हातारी आई आणि त्याची मुले ही जबाबदारी गावाकडेच ठेवून घेण्याची ही युक्ती होती. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्यसत्तेने भांडवलाला याहून मोठे अनुदान दुसरे कोणते दिले असते?

या नव्या शहरात घरे पहिल्यांदा कोणासाठी बांधली गेली, हेही पाहण्यासारखे आहे. १९८० मध्ये लुओहू भागात ‘तोंगहू लीयुआन’ नावाची वसाहत बांधण्याचा करार झाला. विक्रीसाठी बांधलेली नव्या चीनमधील ही पहिली घरे. त्यांचे ग्राहक होते हाँगकाँगचे रहिवासी. हाँगकाँगमध्ये जागेची टंचाई इतकी भयंकर की, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात एकेक खाट भाड्याने घेऊन तेथील गरीब म्हातारे दिवस काढीत. त्या शहरातून आलेल्या मध्यमवर्गीय माणसाला शेनझेनमधील दोन खोल्या म्हणजे चैन वाटली तर नवल नाही. तोही तात्पुरताच रहिवासी. शनिवारी सीमा ओलांडून यायचे आणि रविवारी परतायचे. पण त्याचे तात्पुरतेपण त्याने स्वतः निवडलेले होते, म्हणून त्याला ते सुखाचे होते. पुढे १ डिसेंबर १९८७ रोजी याच शहरात जमिनीच्या वापरहक्काचा पहिला जाहीर लिलाव झाला. साडेआठ हजार चौरस मीटरच्या त्या तुकड्याला ५२ लाख ५० हजार युआन इतकी बोली लागली, आणि देशाची राज्यघटना त्यानंतर चार महिन्यांनी दुरुस्त करण्यात आली. आधी हातोडा पडला, मग घटना बदलली.

मजुरासाठी मात्र होती ती कारखान्याची वसतिगृहे. ‘पुढे दुकान, मागे कारखाना’ असे त्या काळच्या व्यवस्थेचे वर्णन केले जाई. हाँगकाँगमध्ये कचेरी आणि बंदर, शेनझेनमध्ये यंत्रे आणि मुली. एका खोलीत आठ, दहा, बारा जणी. एकावर एक खाटा. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर पिशव्या. पुन न्गाइ या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९० च्या दशकाच्या मध्याला शेनझेनच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात स्वतः मजुरी करून या जीवनाचा अभ्यास केला, आणि पुढे या व्यवस्थेला ‘वसतिगृही श्रमव्यवस्था’ असे नाव दिले. नाव समर्पक आहे. झोपण्याची जागा आणि कामाची जागा यांच्यामध्ये एक फाटक, ते मालकाचे. मागणी आली की खाटेवरून उठवून यंत्रावर बसवता येते. नोकरी सुटली की छप्परही त्याच दिवशी सुटते. संपाचा विचार मनात आला तरी आज रात्री निजायचे कुठे, हा प्रश्न त्याच्या आधी उभा राहतो.

अशा खोलीत राहणाऱ्या मुली खाटेभोवती पडदा लावतात. स्वस्त कापडाचा, फुलाफुलांचा पडदा. सहा फूट बाय तीन फुटांच्या त्या जागेत पत्र लिहिणे, रडणे, कपडे बदलणे, चित्रपटातील नटाचे चित्र चिकटवणे हे सारे चालते. व्यवस्थापन नियमांची पाटी लावते, दिवे कधी मालवायचे ते ठरवते, पाहुण्यांना मनाई करते. पडद्याच्या आतली जागा मात्र ती मुलगी आपली मानते. साऱ्या वसतिगृहाला ती ‘घर’ म्हणत नाही. घर म्हणजे गाव. वसतिगृह म्हणजे झोपण्याचे ठिकाण, आणि पडदा म्हणजे त्या ठिकाणी स्वतःपुरते राखलेले काहीतरी. या तीन गोष्टींतला फरक पाहणीच्या तक्त्यात मावत नाही.

१९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेनझेनच्या क्वेइयोंग भागातील एका खेळण्यांच्या कारखान्यात आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. ८७ कामगार मेले. जवळजवळ सर्व तरुण मुली. त्या कारखान्यातील मुलींना आलेली आणि त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे संशोधकांच्या हाती लागली, आणि अनिता चॅन यांनी त्यांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. बहिणीबहिणींची, मैत्रिणींची ती साधी पत्रे आहेत. पगार वेळेवर मिळतो का, तुझ्याकडे जागा रिकामी आहे का, दुसरीकडे कुठे काम मिळेल, हेच त्यांतून पुन्हापुन्हा येते. जगून राहणे हाच मुख्य विषय. राहण्याच्या जागेविषयी तक्रारीचा सूर लावायला ज्या स्वस्थतेची गरज असते, ती या मुलींपाशी नव्हती. तक्रार न करणाऱ्याला समाधानी म्हणणाऱ्यांनी ही पत्रे जरूर वाचावीत.

कारखान्याबाहेर खोली घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. त्यांना मालकाचे फाटक नव्हते, पण रात्रीची थाप होती. १९९० च्या दशकात परवाने तपासण्यासाठी पोलीस आणि त्यांचे हस्तक भाड्याच्या खोल्यांवर धाडी घालीत. परवाना नसला, मुदत संपली असली, किंवा कागद कारखान्यात अडकवून ठेवलेला असला, की माणूस पकडला जाई, ठाणबंद होई आणि गावाकडे पाठवला जाई. १९८२ च्या एका सरकारी नियमाचा त्यासाठी आधार घेतला जाई. नियम मूळचा भिकारी आणि निराधार यांच्या साहाय्यासाठी केलेला! शेजारच्या दोंगग्वान शहरातील चांगमुतौ येथील अटककेंद्राच्या नावाने मजूर थरथरत. अशा माणसाला त्याच्या खोलीविषयी विचारले, तर तो ओल, अंधार आणि डास यांविषयी आधी बोलणार नाही. दाराला कडी आहे का, मागच्या बाजूने उतरता येते का, घरमालक पोलिसांना आधी खबर देतो की भाडेकरूला, हे तो सांगेल. १९६०-७० च्या घरात जन्मलेल्या एका अख्ख्या पिढीची घराची व्याख्या या धास्तीने घडवली आहे.

ही पद्धत संपली ती एका तरुणाच्या मृत्यूने. सुन झिगांग हा २७ वर्षांचा, महाविद्यालयीन शिक्षण झालेला चित्ररचनाकार. शेनझेनमध्ये काही काळ नोकरी करून तो २००३ मध्ये ग्वांगचौला गेला होता. मार्च महिन्यात, रस्त्यावर परवाना जवळ नव्हता म्हणून त्याला पकडले, आणि कोठडीच्या दवाखान्यात मारहाणीने त्याचा जीव गेला. वृत्तपत्राने ते प्रकरण उघड केले, कायद्याच्या अभ्यासकांनी अर्ज केले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो नियम रद्द झाल्याची घोषणा झाली. मजुरांचे असंख्य मार खपून गेले होते. पदवीधराचा खपला नाही. हे कडवट असले तरी नोंदवले पाहिजे. शेनझेनने तात्पुरता परवाना २००८ च्या ऑगस्टमध्ये बंद केला आणि त्याऐवजी ‘निवास-पत्र’ आणले. शब्दातून ‘तात्पुरता’ गळला. नोंद गावातच राहिली.

आता त्या गावांकडे वळू. कारखाने आले तेव्हा शेतजमिनी सरकारने घेतल्या. १९९२ मध्ये विशेष क्षेत्रातील, आणि २००४ मध्ये क्षेत्राबाहेरील शेतकऱ्यांना शहरी नागरिक करून उरलेली जमीनही राज्याच्या मालकीची ठरवली गेली. परंतु घरांच्या जागा गावकऱ्यांच्या ताब्यात राहिल्या. त्यांनी त्यांवर दोन मजल्यांच्या जागी सहा, आठ, दहा मजले चढवले. परवानगी नाही, रीतसर मालकीचे कागद नाहीत, पण मागणी अमाप. दोन इमारतींत इतके कमी अंतर की, समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावा. म्हणून लोक त्यांना ‘हस्तांदोलनाच्या इमारती’ म्हणतात. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. चिनी भाषेत या वस्तीचे नाव ‘शहरातले गाव’ असे आहे. जमीनदारी नष्ट केल्याचा ज्या क्रांतीला सार्थ अभिमान, त्याच क्रांतीच्या मुलुखात भातशेती करणारा शेतकरी एका पिढीत घरमालक झाला, आणि हुनानचा शेतकरी त्याचा भाडेकरू.

नगररचनाकारांना ही गावे म्हणजे शहराच्या अंगावरील गळवे वाटत आली. अस्वच्छ, अंधारी, आगीला आमंत्रण देणारी, गुन्हेगारांची आश्रयस्थाने, अशी विशेषणे अहवालांतून सापडतात. त्यांत काही तथ्य नाही असे नाही. विजेच्या तारांची जाळी आणि जिन्यांची अरुंदी पाहिली की, आग लागल्यास काय होईल या विचाराने अंगावर काटा येतो. परंतु तेथे राहणाऱ्याला विचारावे. वसतिगृहातून बाहेर पडून अशा खोलीत आलेल्या जोडप्याला पहिली महत्त्वाची वस्तू मिळते ती किल्ली. दार आतून लावता येते. नवराबायको एका छपराखाली राहू शकतात. वसतिगृहात ती वेगवेगळ्या इमारतींत असत. शेगडी मांडता येते, गावाकडच्या मिरचीची फोडणी देता येते. कँटनी जेवण सिच्वानच्या माणसाला अळणी लागते, आणि कारखान्याच्या खानावळीत तर ते बेचवही असते. खाली गल्लीत भाजीवाला आहे, न्हावी आहे, मोबाइल दुरुस्त करणारा आहे. मध्यरात्री पाळी संपवून येणाऱ्यासाठी शेवयांची गाडी आहे. जिन्यात गावाकडची भाषा ऐकू येते. कामाची जागा पायी गाठता येते, आणि बारा तास राबणाऱ्याला पायी जाण्याच्या अंतरावरचे छप्पर म्हणजे एक तास जास्त झोप. दूरच्या उपनगरात वीस चौरस मीटर अधिक जागा देऊ केली, तर तो नको म्हणतो. तज्ज्ञ त्याला अडाणी समजतात. हिशेब त्याचाच बरोबर असतो.

येथे एका मताचा समाचार घेणे अवश्य आहे, कारण ते पुष्कळ विद्वानांच्या लेखनात सौम्य शब्दांत आढळते. स्थलांतरित मजूर घरावर खर्च करीत नाही, कारण त्याला घराची पर्वा नाही. त्याचे मन गावात असते, त्याला पैसा साठवायचा असतो. म्हणून त्याची निकृष्ट वस्ती ही त्याची स्वतःची निवड होय, असे हे मत. यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. बहुसंख्य मजूर शेनझेनमध्ये काटकसर करून गावी घर बांधतात. हुनान, च्यांगशी, सिच्वानमधील खेड्यांतून तीन मजल्यांची, चकचकीत फरशांची घरे उभी आहेत, आणि त्यांत वर्षभर आजी, आजोबा आणि नातवंडे राहतात. मालक येतो तो वसंतोत्सवात, आठ-दहा दिवसांकरिता. जेथे तो राहतो ते घर नाही, आणि जे घर आहे तेथे तो राहत नाही. अखिल चीन महिला संघाने २०१३ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार, आईबाप दूर गेल्यामुळे गावी मागे राहिलेल्या मुलांची संख्या ६ कोटी १० लाख होती. हे ‘मन गावात असणे’ त्या आकड्यासह वाचले पाहिजे. मुलाला शहरातील शाळेत जागा नाही, म्हणून मूल गावात. मूल गावात, म्हणून मन गावात. कायद्याने पाडलेल्या भेगेला आवडनिवड म्हणणे हे शास्त्र नव्हे. बीजिंग आणि शांघायमधील स्थलांतरितांच्या घरांचा अभ्यास करणाऱ्या वेइपिंग वू यांनीही मजुराच्या वैयक्तिक गुणावगुणांपेक्षा नोंदणीच्या व्यवस्थेकडेच बोट दाखवले आहे.

मराठी श्रोत्यांना येथे गिरणगाव आठवेल, आणि ते स्वाभाविक आहे. कोकणातला गिरणीकामगारही गाळ्यात दहा-वीस जणांबरोबर वळकटी टाकून राहिला, खानावळीत जेवला आणि गावच्या घराची कौले बदलण्यासाठी पैसे पाठवीत राहिला. बायकामुले गावी, नवरा मुंबईत, ही फाटाफूटही तशीच होती. पण मुंबईत राहण्यासाठी त्याला कोणाचा परवाना लागत नव्हता. स्वातंत्र्यानंतर त्याने लालबाग-परळमध्ये मत दिले, नगरसेवक निवडला, भाडेनियंत्रणाचा आधार घेतला, युनियन काढली, चाळीच्या गच्चीवर सभा भरवल्या. त्या गर्दीच्या खोलीला तो ‘आमची चाळ’ म्हणू शकला यात नवल नाही. शेनझेनच्या मजुराला यातले जवळजवळ काहीच करता आले नाही, आणि म्हणून त्याच्या तोंडी त्या अर्थाने ‘आमची’ हा शब्द येत नाही. गरिबी सारखी असली तरी हक्क सारखे नव्हते.

नव्या शतकात आलेल्या तरुण मजुरांनी तर या जुन्या मताचा पायाच काढून घेतला. त्यांनी शेती केलेली नाही. गावाला परत जाऊन ते काय करणार? त्यांचे मन गावात नाही आणि शहरात जागा नाही. २०१० मध्ये शेनझेनच्या लोंगहुआ भागातील फॉक्सकॉनच्या प्रचंड कारखान्यात एकामागून एक तरुण कामगारांनी इमारतींवरून उड्या टाकल्या. वर्षभरात डझनाहून अधिक जीव गेले. त्या वसाहतीत पोहण्याचे तलाव होते, दुकाने होती, आणि राहण्याची व्यवस्था शहरातील पुष्कळ कारखान्यांपेक्षा बरी मानली जाई. चौरस मीटर मोजणाऱ्यांना हे कोडे सुटेना. उडी मारूनही वाचलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीशी पुन न्गाइ आणि त्यांचे सहकारी बोलले. खोलीत तिच्यासह आठ जणी होत्या. वेगवेगळ्या विभागांतल्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या. ओळखीच्या मुलींना एकत्र राहू द्यायचे नाही, असा खोल्यावाटपाचा परिणाम. आठ माणसांच्या खोलीत तिला बोलायला माणूस नव्हते. कंपनीने इमारतींभोवती जाळ्या बांधल्या. वसतिगृहाकडे कामगार कसा पाहतो, याचा विचार त्या जाळ्यांच्या खर्चात झाला नाही.

त्याच कारखान्यात शू लीझी हा कवी यंत्रावर काम करीत होता. त्याने भाड्याच्या खोलीवरही कविता लिहिली आहे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. मजुरांच्या घराविषयी सरकारी अहवालांची कपाटे भरली असतील. पण त्या खोलीत आतून कसे वाटते हे कळण्यासाठी आज लोक अहवालांकडे वळत नाहीत, या तरुणाच्या कवितांकडे वळतात.

‘येथे आलात, की तुम्ही शेनझेनचेच’ अशी या शहराची एक गाजलेली घोषणा आहे. २०१० मध्ये शहराच्या दहा थोर विचारांत तिची निवड झाली, आणि रस्तोरस्ती ती लावली गेली. घोषणेत उबदारपणा आहे, आणि अनेक तरुणांना ती मनापासून आवडते, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या वतनदारांचे शहर नसल्याने शेनझेनमध्ये बोलीवरून कोणी हिणवत नाही. सारेच बाहेरचे. परंतु मुलाला सरकारी शाळेत घालायची वेळ येते, तेव्हा भाडेकराराचे नोंदणीपत्र, निवास-पत्र, विम्याची वर्षे यांचे गुण मोजले जातात, आणि ‘शेनझेनचे’ होण्याची किती दर्जांची उतरंड आहे ते कळते. त्या दिवशी भाडेकरूच्या नजरेत खोलीचे मूल्य पुन्हा बदलते. काल ती झोपण्याची जागा होती. आज ती शाळेच्या अर्जावरची ओळ झाली.

ही ओळ पुसली गेली की काय होते, ते बायशीझोउ येथे दिसले. नानशान विभागात, ‘जगाची खिडकी’ या प्रसिद्ध करमणूक-उद्यानाच्या शेजारी, उंच इमारतींनी वेढलेले हे शहरातले गाव. सुमारे दीड लाख माणसे तेथे राहत असल्याचे अंदाज होते. कारकून, वेटर, टॅक्सीचालक, घरकामाच्या बाया, संगणकाच्या कंपन्यांतले नवशिके तरुण, सारे तेथे. शेनझेनमध्ये पहिली रात्र काढायची तर बायशीझोउमध्ये, असे म्हटले जाई. २०१९ च्या उन्हाळ्यात पुनर्विकासासाठी जागा रिकाम्या करण्याच्या नोटिसा लागल्या. वाटाघाटी झाल्या त्या बांधकाम कंपनी आणि मूळ गावकरी यांच्यात. घरमालकांना भरपाई मिळाली, आणि त्यांच्या भावी संपत्तीचे आकडे वर्तमानपत्रांनी मिटक्या मारीत छापले. भाडेकरू या व्यवहारात पक्षकारच नव्हते. दहा-पंधरा वर्षे भाडे भरलेले लोक काही आठवड्यांच्या मुदतीवर बाहेर निघाले. रस्त्यावर आले ते आईबाप, आणि त्यांची मागणी घराची नव्हती. मुलांची शाळा जवळच आहे, निदान शालेय वर्ष मोडू नका. मुदत वाढवा, एवढेच ते सांगत होते. घराचा हक्क मागण्याची त्यांची हिंमत झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो हक्क मागण्याचे दार कोणत्या कचेरीत आहे, हेच कायद्याने कोठे लिहिलेले नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या जूनमध्ये, लोंगहुआ भागातील फॉक्सकॉनच्या कामगारांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. कारखान्याजवळच्या गावातील इमारती एका बड्या गृहबांधणी कंपनीने घाऊक भाड्याने घेऊन नूतनीकरण चालवले होते. नवी फरशी, नवे रंग, स्वच्छ जिने, आग विझवण्याची साधने. ज्यांच्या भल्यासाठी हे चालले असे सांगितले जात होते, त्यांनीच त्यास विरोध केला. नूतनीकरण झालेल्या खोलीचे भाडे आमच्या पगारात बसणार नाही, आम्हांला दूर फेकले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतील काही लेखकांना याचे आश्चर्य वाटले: स्वच्छ खोली नको म्हणणारे हे कसले लोक? पत्र लिहिणाऱ्यांना स्वच्छता नको नव्हती. रंगवलेल्या भिंतीचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे त्यांना कळले होते. अंधारी का होईना, पण पायी गाठता येणारी, किल्ली असलेली आणि पगारात बसणारी खोली त्यांनी अनेक वर्षांच्या अनुभवाने पारखली होती, आणि ती राखण्यासाठी त्यांनी, बहुधा प्रथमच, वेतनाच्या प्रश्नाबरोबर भाड्याचा प्रश्न जाहीरपणे मांडला.

बायशीझोउचे भाडेकरू पांगले. कोणी शहरातल्याच दुसऱ्या एखाद्या गावात गेले. तेथील भाडी त्यांच्या येण्याने वाढली. कोणी पूर्वीच्या दुसऱ्या रेषेपलीकडे, कोणी त्याहून पुढे दोंगग्वान आणि हुइचौ या शेजारच्या शहरांच्या हद्दीत. कामे मात्र नानशानमध्येच राहिली. पहाटेच्या गाड्यांतून ती माणसे आता रोज शेनझेनमध्ये येतात आणि रात्री परत जातात.